ओल्या गाद्यांचा हिशोब

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने एक तक्ता केला होता. डावा रकाना 'शारीरिक गरजा', उजवा रकाना 'भावनिक गरजा', आणि खाली ओळीने आपत्त्या: दुष्काळ, युद्ध, भूकंप. प्रत्येक आपत्तीत मुलांसाठी काय नियोजन झालं ते कागदपत्रांत शोधायचं, रकाने भरायचे, की झाला प्रबंध. निदान मला तरी तसं वाटत होतं. तीन महिन्यांत डावा रकाना भरून वाहायला लागला. दूध, धान्य, लस, चादरी, रेल्वेच्या जागा. उजवा मात्र जवळजवळ कोरा. मॅडमना दाखवला तेव्हा त्यांनी तो दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हा कोरा नाहीये. तो डाव्या रकान्यातच कुठेतरी लपलेला असणार. धोब्याची बिलं बघितलीस का?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण तो सल्ला अक्षरशः खरा निघाला, आणि आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. गोष्ट ब्रिटनची आहे, १९३९ ते १९४५ या काळातली. माझा स्वतःचा विषय किल्लारीच्या भूकंपाचा. पण तिथे पोचायच्या आधी मला हा वळसा घ्यावा लागला, आणि तो का घ्यावा लागला हे वाचता वाचता कळेल.

आधी नियोजनाबद्दल. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच ब्रिटिश सरकारने आकडेमोड करून ठेवली होती. हवाई हल्ले सुरू झाले तर पहिल्या ६० दिवसांत ६ लाख माणसं मरतील आणि १२ लाख जखमी होतील, असा तेव्हाचा अंदाज. (प्रत्यक्षात संपूर्ण युद्धात बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या नागरिकांचा आकडा ६० हजारांच्या आसपास आहे. अंदाज चुकला म्हणून हसू नका. तो अंदाज खरा धरूनच पुढचे सगळे निर्णय झाले, आणि आपल्याला अभ्यास त्या निर्णयांचा करायचा आहे.) १९३८ मध्ये सर जॉन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून देशाचे तीन भाग पाडले गेले: जिथून माणसं हलवायची ते, जिथे न्यायची ते, आणि जिथे काहीच करायचं नाही ते. शाळकरी मुलांनी शिक्षकांबरोबर, शाळेच्या गटाने जायचं. पाच वर्षांखालच्या मुलांनी आईबरोबर. खेड्यातल्या लोकांनी त्यांना घरात ठेवून घ्यायचं आणि सरकारने त्याचा भत्ता द्यायचा: एका मुलासाठी आठवड्याला साडेदहा शिलिंग, एकापेक्षा जास्त मुलं ठेवली तर दरडोई साडेआठ.

या सगळ्या तयारीत 'मन' कुठेच नव्हतं, असं मी माझ्या पहिल्या टिपणात लिहिलं होतं. ते चूक होतं. मन होतं, पण वेगळ्या खात्यावर. १९३८ मध्येच लंडनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या एका गटाने आरोग्य मंत्रालयाला इशारा दिला होता की हल्ल्यांत शरीराने जखमी होणाऱ्यांपेक्षा मनाने कोसळणाऱ्यांची संख्या तिप्पट असेल, पहिल्या सहा महिन्यांत ३० ते ४० लाख. म्हणजे भीतीचं नियोजन होतं, ते मोठ्या माणसांच्या घबराटीचं. लोक सैरावैरा पळतील, रस्ते तुंबतील, सुव्यवस्था मोडेल, ही चिंता. मुलांना आधीच हलवण्यामागे त्यांचा जीव वाचवणं हे कारण होतंच. पण शहरातली गर्दी आणि गोंधळ आधीच कमी करणं हेही होतं. इथे मूल ही सांभाळायची गोष्ट आहे आणि हलवायची गोष्टही आहे. त्याला काय वाटेल, हा प्रश्न फाइलीत येत नाही.

एक अपवाद मला सापडला, आणि तो चक्क गॅसमास्कचा. १९३८ च्या म्युनिक पेचप्रसंगापर्यंत सुमारे ३ कोटी ८० लाख मास्क वाटून झाले होते. काळं रबर, सोंडेसारखं तोंड, मुलांना बघूनच रडू फुटेल असं प्रकरण. मग लहान मुलांसाठी लाल-निळ्या रंगाचा मास्क निघाला, त्याला लोक 'मिकी माउस' मास्क म्हणायचे. मिकीसारखा तो अजिबात दिसत नाही. पण मूल घाबरेल आणि घाबरलं तर मास्क घालणार नाही, एवढा विचार कोणीतरी कारखान्यात जाणाऱ्या नमुन्यापर्यंत नेला होता. मॅडमचं म्हणणं मला इथे पहिल्यांदा पटलं. भावना वस्तूच्या रंगात शिरली होती.

१ सप्टेंबर १९३९, शुक्रवार. युद्ध जाहीर व्हायला अजून दोन दिवस होते. पहाटेपासून शाळा स्टेशनांकडे निघाल्या. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला मास्कचा डबा, पिशवीत एक जादा कपड्यांचा जोड, टूथब्रश, कंगवा, रुमाल आणि दिवसभराचं खाणं. मुलं कुठे चालली आहेत हे बहुतेक आईवडिलांना माहीत नव्हतं. पोचल्यावर मुलाने पोस्टकार्ड टाकायचं, मग कळायचं. काही दिवसांतच सुमारे १५ लाख माणसं हलली. त्यांत शाळकरी मुलं जवळपास ८ लाख २७ हजार, लहान मुलं आणि त्यांच्या आया मिळून ५ लाख २४ हजार. तयारी याच्या दुपटीहून अधिक लोकांची होती. वाहतुकीच्या दृष्टीने बघाल तर काम चोख झालं. रेल्वेचा हिशोब जुळला.

हिशोब फसला तो गाडीतून उतरल्यावर. ज्या गावात शाळेची मुलं यायची तिथे आया आणि तान्ही बाळं उतरली. एकाच शाळेचे गट चार गावांत विखुरले. गावच्या सभागृहात मुलांना ओळीने उभं करायचं आणि यजमानांनी निवडून न्यायचं, असं अनेक ठिकाणी झालं. शेतावर उपयोगी पडतील असे धट्टेकट्टे मुलगे आणि नीटनेटक्या मुली आधी उचलल्या जायच्या. शेवटी कोण उरायचं ते सांगायला नको. भावंडांना एकत्र ठेवायचं तर यजमानाला दोन-तीन मुलं घ्यावी लागणार, आणि भत्त्याचा दर नेमका तिथेच कमी होत होता. (दर ठरवणाऱ्याला काटकसर दिसली असेल. बहिणीचा हात धरून उभा असलेला धाकटा भाऊ त्याला दिसला नसेल.)

पहिल्याच आठवड्यात तक्रारींचा पाऊस पडला. डोक्यात उवा, अंगावर खरूज, पायात धड बूट नाहीत, आणि सगळ्यांत मोठी तक्रार: मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. संसदेत चर्चा, वर्तमानपत्रांत पत्रं, वैद्यकीय नियतकालिकांत लेख. खेड्यातल्या बायांनी गाद्यांची नुकसानभरपाई मागितली. स्थानिक अधिकाऱ्यांनी ती मंत्रालयाकडे पाठवली. मंत्रालयाने बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी १९४० मध्ये अशा मुलांच्या यजमानांना धुलाईसाठी जादा भत्ता द्यायचं मान्य केलं.

ही ती धोब्याची बिलं.

आता जरा थांबून बघा की या बिलांचा अर्थ लावताना काय काय झालं. पहिला अर्थ सोपा आणि दुष्ट होता: शहरातल्या गरीब बायकांना मुलं वाढवता येत नाहीत, झोपडपट्टीतली पोरं, त्यांना वळणच नाही. हा अर्थ बराच काळ टिकला. दुसरा अर्थ लावणारे थोडे होते. त्यांचं म्हणणं, यातली कितीतरी मुलं घरी अंथरूण ओलं करत नव्हती. आईपासून तुटल्यावर, अनोळखी घरात, अंधारात, संडास अंगणाच्या पलीकडे असताना ती करायला लागली. म्हणजे गादी वळणाबद्दल सांगत नव्हती, ती ताटातुटीबद्दल सांगत होती. हा वाद महत्त्वाचा आहे, कारण उपाय अर्थावर अवलंबून होता. पहिला अर्थ खरा मानला तर मेणकापड आणि दटावणी. दुसरा मानला तर ते मूल कुठे, कोणाबरोबर ठेवलंय याचा विचार.

१६ डिसेंबर १९३९ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तीन डॉक्टरांचं एक छोटं पत्र आहे: जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईशिवाय हलवण्याने गंभीर मानसिक प्रश्न उभे राहतील, असा त्यात इशारा आहे. पुढे हे तिघेही गाजले, त्यामुळे आज ते पत्र भविष्यवाणीसारखं वाचलं जातं. तसं वाचू नका. तेव्हा ते संपादकाला आलेल्या अनेक पत्रांतलं एक होतं आणि त्यांच्याकडे पुरावा तुटपुंजा होता. त्यांना ऐकणारं खातं मिळालं ते गाद्यांमुळे. घरोघर न टिकणाऱ्या 'अवघड' मुलांसाठी सरकारला वसतिगृहं काढावी लागली, देशभर शेकडो. ऑक्सफर्डशायरमधल्या अशा वसतिगृहांचा सल्लागार म्हणून विनिकॉट काम करू लागला. तिथे रोज मुलांबरोबर असणारी माणसं जे सांगत, त्यावर त्याची पुढची कितीतरी मांडणी उभी आहे. तिथेच त्याला समाजकार्यकर्ती क्लेअर ब्रिटन भेटली. पुढे दोघांनी लग्न केलं. हे आपलं जाता जाता.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत आवडलेलं काम सुझन आयझॅक्सचं आहे. लंडनच्या टॉटनहॅम आणि इझलिंग्टन भागांतून केंब्रिजला आलेल्या मुलांची पाहणी तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी केली आणि १९४१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. तुमच्यापैकी जे प्रश्नावल्या तयार करण्यात गढले असतील त्यांनी ही पाहणी जरूर बघा. त्यांनी मोठी शास्त्रीय प्रश्नावली न काढता मुलांना दोन निबंध लिहायला सांगितले: केंब्रिजमध्ये मला काय आवडतं, आणि केंब्रिजमध्ये मला कशाची उणीव भासते. बस. आपत्तीत सापडलेल्या मुलाला थेट विचारून त्याचं उत्तर पुरावा म्हणून वापरणं हे त्या काळात किती दुर्मीळ होतं, याचा विचार करा. पाहणीतून निघालेल्या सूचना आज वाचल्या तर साध्या वाटतात: भावंडांना एकत्र ठेवा, मित्रांना आणि शाळेच्या गटाला तोडू नका, आईवडिलांच्या भेटीची सोय करा, आणि यजमान व मूल यांच्यामध्ये जाणकार समाजकार्यकर्ता असू द्या. यातली प्रत्येक सूचना खरं तर वाहतुकीची आणि खर्चाची आहे. कोणाला कुठल्या गाडीत बसवायचं, कोणत्या घराला किती भत्ता, रविवारी स्वस्त तिकीट द्यायचं की नाही. भावनिक गरज म्हणून वेगळं काही नव्हतंच. होतं ते तिकीट.

तिसरं ठिकाण लंडनमध्येच, हॅम्पस्टेडला. व्हिएन्नातून परागंदा होऊन आलेली अॅना फ्रॉइड आणि तिची सहकारी डॉरथी बर्लिंगहॅम यांनी १९४१ मध्ये युद्धग्रस्त मुलांसाठी निवासी बालवाड्या सुरू केल्या. पैसा अमेरिकेतल्या एका मदतसंस्थेचा, त्यामुळे दर महिन्याला अहवाल पाठवावा लागे. संशोधनाच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. देणगीदाराला हिशोब द्यायचा नसता तर कदाचित इतकं काटेकोर लिहिलं गेलं नसतं. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने मुलांबद्दलची निरीक्षणं कार्डावर लिहायची, असा दंडक. जेम्स रॉबर्टसन हा बॉयलर सांभाळणारा आणि आगीवर लक्ष ठेवणारा माणूस, त्यालाही सूट नव्हती. (याच रॉबर्टसनने १९५२ मध्ये, दवाखान्यात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली आणि दवाखान्यांतल्या भेटीच्या वेळा बदलायला लावल्या.)

या दोघींचं निरीक्षण तेव्हा अनेकांना खटकलं: बॉम्बच्या आवाजापेक्षा ताटातूट लहान मुलाला जास्त मोडते. आई शेजारी असेल आणि ती शांत असेल तर हल्ल्यातूनही मूल बऱ्यापैकी सावरतं. मग त्यांनी व्यवस्थाच बदलली. आयांना केव्हाही यायची मुभा. तान्ह्या मुलांच्या काही आयांना तिथेच कामावर ठेवलं. नंतर मुलांचे चार-पाच जणांचे छोटे गट पाडले, प्रत्येक गटाला एकच ठरलेली 'आई'. गट पाडल्याबरोबर काय झालं? आधीची शिस्तीत चालणारी बालवाडी एकदम रडारड आणि मत्सराने भरून गेली. मुलं आपल्या बाईला दुसऱ्या कोणाजवळ जाऊ देईनात. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, व्यवस्था कोसळली. काही काळाने मात्र हीच मुलं भराभर बोलायला लागली आणि अंथरूण कोरडं राहायला लागलं. पुन्हा गादीच.

आता एक इशारा, विशेषतः जे लवकरच दफ्तरखान्यात जाऊन बसणार आहेत त्यांच्यासाठी. गादी हा फार बोलका पुरावा आहे म्हणूनच तो फसवा आहे. ज्या मुलाने गादी ओली केली त्याचा कागद झाला, कारण कोणाचं तरी नुकसान झालं आणि त्याने भरपाई मागितली. जे मूल रात्रभर उशीत तोंड खुपसून रडलं आणि सकाळी गुपचूप उठून शाळेत गेलं, त्याचा कागद नाही. ते मूल यजमानाच्या मते 'छान रुळलं'. शांत मूल सरकारला काही खर्चात पाडत नाही. रिचर्ड टिटमसने १९५० मध्ये लिहिलेला या काळाचा अधिकृत इतिहास अजूनही पहिला आधार मानला जातो. अंथरूण ओलं करण्याच्या तक्रारी फुगवलेल्या होत्या हे त्यालाही जाणवलं होतं. म्हणजे एका बाजूला अतिशयोक्ती आणि दुसऱ्या बाजूला संपूर्ण शांतता. या दोन्हींच्या मधून वाट काढायची असते. माझ्या टिपणवहीत मी आता प्रत्येक कागदासमोर एक प्रश्न लिहिते: हा कागद कोणाच्या पैशांच्या मागणीतून जन्मला?

आणि एक अडचण अशी, जिच्यावर मला अजून सोपं उत्तर मिळालेलं नाही. ताटातूट वाईट, हे मान्य. मुलं हलवल्यावर पहिल्या महिन्यांत बॉम्ब पडलेच नाहीत. त्यात ऑक्टोबरअखेरीस सरकारने पालकांकडून ऐपतीप्रमाणे आठवड्याला सहा शिलिंगांपर्यंत वर्गणी घ्यायला सुरुवात केली. आया मुलांना परत घेऊन आल्या. जानेवारी १९४० पर्यंत गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं घरी परतली होती. भावनेच्या बाजूने बघितलं तर या आयांनी बरोबर केलं. ७ सप्टेंबर १९४० ला लंडनवर खरे हल्ले सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनमध्ये बॉम्बहल्ल्यांत साडेसात हजारांवर मुलं मेली. दूर पाठवलेली सगळी वाचली असंही नाही. मुलांना कॅनडाला नेणारं 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री बुडवलं गेलं. सरकारी योजनेतल्या ९० मुलांपैकी ७७ गेली. तेव्हा 'नियोजनकर्ते निर्दय आणि मानसशास्त्रज्ञ शहाणे' अशी मांडणी करायचा मोह झाला तर हे आकडे समोर ठेवा. जीव वाचवायचा की मन, असा प्रश्न त्या आईला स्टेशनावर खरोखरच पडला होता.

शिवाय हे ज्ञान नंतर कुणी कसं वापरलं तेही बघावं लागतं. एकीकडे आईवडिलांविना वाढणाऱ्या मुलांच्या देखरेखीसाठी १९४८ चा बालक कायदा आला, त्यामागच्या विचारात युद्धकाळातल्या अनुभवाचा वाटा होता. दुसरीकडे 'मुलाला आई हवी' हेच वाक्य युद्धानंतर कामावर जाणाऱ्या बायकांना घरी बसवायला वापरलं गेलं आणि युद्धकाळात उघडलेली पाळणाघरं बंद होऊ लागली. या दोन गोष्टींचा संबंध नेमका किती सरळ होता यावर डेनिस रायलीचं १९८३ चं पुस्तक आहे. ती म्हणते तितका तो सरळ नव्हता. सुरुवातीला मला तिचा युक्तिवाद किचकट वाटला होता. आता तोच जास्त प्रामाणिक वाटतो.

शारीरिक बाजूचं मी फार लिहिलं नाही, कारण तिथे कागद स्वतःच बोलतात. जुलै १९४० पासून पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला रोज एक पिंट दूध, दोन पेनीला, अगदी गरिबांना फुकट. योजना चालली, नोंदी चोख आहेत. दूध मोजता येतं.

आता किल्लारीकडे येते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. हजारो माणसं घरांच्याच दगडमातीखाली गेली. पुनर्वसनाच्या कागदांत घरांचे आकार अगदी स्पष्ट आहेत: पूर्ण नव्याने वसवलेल्या गावांत, जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. मुलांपैकी हजारावर जणांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला आणलं, वाघोलीला. दूर न्यायचं की गावातच ठेवायचं, हा १९३९ चा प्रश्न मराठीत, आणि इथे तर कित्येकांना परत जायला घरच उरलं नव्हतं. पुढे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मदतीच्या किमान निकषांचं एक कलम आलं, कलम १२. निवारा, अन्न, पाणी, औषधं यांच्या पाठोपाठ त्यात विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतुदीचा उल्लेख आहे. ज्याचे आईवडील वाचले पण ज्याची झोप उडाली, ते मूल या यादीत कुठल्या शब्दाखाली बसवायचं ते मी अजून ठरवते आहे.

तो दोन रकान्यांचा तक्ता मी फाडून टाकला. सध्या माझ्याकडे एक वेगळी यादी आहे, दफ्तरांत मागायच्या कागदांची. त्यात आहेत: मुलांच्या वसतिगृहांची सतरंज्या-गाद्यांची खरेदी, साबणाचा खर्च, रात्रपाळीच्या माणसांचे पगार, रात्री दिवे किती वाजेपर्यंत चालू ठेवले याची वीजबिलं, आणि पोस्टकार्डं. दिवाळीच्या सुट्टीत कोणकोण गावी गेलं, त्यांच्या एसटीच्या तिकिटांचा खर्च कोणत्या खात्यात टाकला, हेही. मॅडमनी यादी वाचली आणि खाली पेन्सिलीने एक ओळ वाढवली: 'स्वयंपाकाच्या बाया. मुलं काय खात नव्हती ते त्यांना विचार.' पुढच्या महिन्यात लातूरला जाते आहे.